घर सोडायचे दिवस आणि घर धरायचे दिवस

साथ आली की माणसाने काय करायचे? आमच्या आजीचे याला एकच उत्तर होते. "उंदीर पडला की घर सोडायचं." ती प्लेगाच्या काळातली. तिच्या लहानपणी घरात मेलेला उंदीर दिसला की मागेपुढे न पाहता भांडीकुंडी, दाणागोटा आणि जनावरे घेऊन सगळे गाव रानात जाऊन राहायचे. कुडाच्या खोपी घालायच्या, तिथेच चूल मांडायची. दोन-दोन महिने गाव ओस. तुळजापूरचा हा मुलूख तेव्हा निजामाचा, म्हणजे लोकांच्या भाषेत मोगलाई. सोलापूर इंग्रजीत. पण उंदराला कुठली आलीय मोगलाई आणि इंग्रजी!

आता २०२० साल पाहा. आम्हाला सांगितले गेले, घर सोडू नका. आजीच्या उत्तराच्या अगदी उलट. मला इतिहास शिकवायची सवय, त्यामुळे रिकाम्या वेळी याचाच विचार करत बसलो. दोन्ही उत्तरे बरोबर होती, हे त्यातले नवल.

प्लेगाचा जंतू येर्सां या शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसाला होतो, हे सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत दाखवले. उंदीर मेला की पिसवा दुसरे अंग शोधतात, म्हणजे घर सोडणे हाच शहाणपणा. आमच्या आजीला ना येर्सां ठाऊक ना सिमाँ, पण लोकांनी अनुभवाने काढलेला निष्कर्ष चुकीचा नव्हता. कोरोना मात्र श्वासातून पसरणारा. तिथे गर्दी टाळायची, दार लावून बसायचे. रोग कसा पसरतो त्यावर दार उघडायचे की लावायचे हे ठरते.

या दोन साथींच्या मध्ये आणखी एक आली, १९१८ ची इन्फ्लुएंझाची. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसे गेली, आणि त्यात ऐन तारुण्यातली फार. भूगोलाच्या तासाला आम्ही १९२१ हे लोकसंख्येतले महाविभाजनाचे वर्ष म्हणून शिकवत असू, कारण त्या एकाच जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीपेक्षा कमी भरली. फळ्यावर आकडा लिहून पुढे जायचो. त्या आकड्यामागे किती अंगणे सुनी झाली असतील, हे मुलांना सांगायला वेळ नसे.

असो. गंमत अशी की मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात जो कायदा लागू झाला तो १८९७ सालचाच, साथरोगांचा. फेब्रुवारी १८९७ मध्ये मुंबई-पुण्याच्या प्लेगासाठी इंग्रजांनी केलेला. त्याच्या जोरावर पुण्यात रँडसाहेबाने गोऱ्या सोल्जरांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. बायामाणसांचा, देवघराचा मुलाहिजा ठेवला नाही. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले, प्रेतेही लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे सर्वांना माहीत आहे. मला त्यातली आधीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जिथे माणसाला दाराशी येणाऱ्याची भीती वाटते तिथे तो आजार लपवतो, आणि लपवलेला आजार वाढतो.

त्याच पुण्याजवळ, त्याच वर्षी, दुसरेही एक चित्र होते. सावित्रीबाई फुले तेव्हा सहासष्ट वर्षांच्या. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत याने हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तिथे आणत. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या, त्यातच त्यांना लागण झाली असे सांगतात. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. गावापासून लांब नेलेला रोगी इथेही एकटाच होता, पण त्याला नेणारे हात मायेचे होते. विलगीकरण तेच, पण किती फरक!

आमच्या तुळजापुरात २०२० च्या मार्चमध्ये आईच्या देवळाचे दार भाविकांना बंद झाले. पहाटेचे चरणतीर्थ, रात्रीची प्रक्षाळ पूजा मोजक्या पुजाऱ्यांच्या हातून होत राहिली, पण महाद्वारासमोरचा रस्ता असा मोकळा मी जन्मात पाहिला नव्हता. कुंकवाची, कवड्यांच्या माळांची, बांगड्यांची दुकाने बंद. संबळ गप्प. इथल्या निम्म्या चुली यात्रेकरूंवर पेटतात, त्यांनी काय केले असेल याचा विचार करा. १७ ऑक्टोबरला घटस्थापना झाली तीही भक्तांविना. पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, दार उघडले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाले ते ७ ऑक्टोबर २०२१ च्या घटस्थापनेला उघडले.

त्या दुसऱ्या बंदमध्येच आमच्या घरी आजार आला. सौ.ला ताप भरला, तपासणीत निघाले. माडीवरच्या खोलीत ती, खाली मी. जेवणाचे ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून मी खाली यायचो, मग ती दार उघडायची. एका घरात राहून आम्ही फोनवर बोलत होतो. ऑक्सिमीटरचा आकडा ती सकाळ-संध्याकाळ सांगायची आणि मी वहीत लिहायचो, हजेरी मांडल्यासारखा. एक दिवस ९१ आला. त्या रात्री मी जिन्यातच बसून होतो. गल्लीतला एक जण, ज्याच्याशी वर्षानुवर्षे बोलणे नव्हते, रोज सकाळी कठड्यावर दुधाची पिशवी ठेवून हाक मारायचा, "मास्तर, आहे ना सगळं ठीक?" ती हाक ऐकली की वाटायचे, आपण कोंडलेले आहोत पण टाकलेले नाही.

सौ. बरी झाली. सोलापूरला माझे थोरले भाऊ, आमचे दादा, झाले नाहीत. पंचेचाळीस किलोमीटरचे अंतर. ही माडीवर आजारी, मी तिच्या संपर्कातला, त्यात जिल्हाबंदी. जुनी मोगलाई आणि इंग्रजीची हद्द पुन्हा आखल्यासारखी झाली! शेवटच्या दिवशी तिथल्या एका परिचारिकेने स्वतःच्या फोनवरून दोन मिनिटे चेहरा दाखवला. दादांनी हात हलवला. त्या बाईचे नावही मला ठाऊक नाही. तिला मनातल्या मनात कितीदा नमस्कार केला असेन.

तेव्हापासून आमच्या घरात त्या दिवसांबद्दल कोणी बोलत नाही. वहिनींसमोर विषय निघाला की कोणीतरी चहाचे विचारते. मानमोडीचेही असेच झाले असावे. एवढी माणसे गेली, पण आमच्या आजीने प्लेगाच्या गोष्टी सांगितल्या आणि मानमोडीच्या सांगितल्या नाहीत. रानातल्या खोपीत सगळे गाव एकत्र होते, त्यामुळे त्याची गोष्ट झाली. मानमोडीत तिची धाकटी बहीण गेली एवढेच नंतर कोणाकडून तरी कळले. नाव कोणालाच आठवत नाही.

म्हणून भाचे, पुतणे, नातवंडांनो, हे तुमच्यासाठी लिहिले. येत्या पितृपक्षात दादांच्या तिथीला सगळे जमू तेव्हा प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगायची. तेव्हा तुम्ही कुठे होतात, कोणी ताट आणून दिले, कोणाला भेटायचे राहून गेले. मी वही आणि पेन घेऊन बसेन. वहिनींना मी आधीच विचारले आहे. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पहिल्यांदा मी सांगते."