मूठमाती

जव्हार-मोखाड्याकडच्या वांगणीला जाताना एसटीत कुणीतरी म्हणालं, ‘मातीला चाललोय.’ तेव्हापासून ‘मूठमाती’ हा शब्द मनात घोळतोय. मूठ संस्कृत ‘मुष्टि’तून आली, माती ‘मृत्तिके’तून. पुरण्यासाठीचा दुसरा शब्द ‘दफन’ मूळचा अरबी. तो फारसीमार्गे मराठीत आला आणि ‘दफनविधी’त त्याची संस्कृतशी सोयरीक झाली. खड्ड्यात देह ठेवल्यावर जमलेला प्रत्येक जण मूठभर माती लोटतो, ती मूठमाती. लिंगायतांत देह बसवून पुरतात. एरवी दहन करणाऱ्या घरांतही तान्ह्या बाळाला मातीच देतात. चिता पेटवायची असली तरी गावाकडची माणसं ‘मातीला’च जातात. आता बातम्यांत रूढींना, वादांना, नियमांनाही मूठमाती मिळते. रूढींना जरूर द्यावी. नियम मात्र पायदळी तुडवले जातात. तिथे हा निरोपाचा शब्द वापरू नये.