फाल्गुनातला नाणेघाट

नाणेघाटात जायचं ते पावसाळ्यात, असं समीकरणच होऊन बसलंय. उलटा धबधबा, ढग, भिजणं आणि परतताना गरम भजी! पण ज्यांच्यासाठी हा घाट होता, ते पावसात इकडे फारसे फिरकत नसावेत. पश्चिमेकडची जहाजं नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर पावसाळा सरता सरता आपल्या किनाऱ्याला लागत. मग सोपारा-कल्याणचा माल बैलांच्या पाठीवरून जुन्नर आणि पुढे पैठणकडे निघायचा. निसरड्या दगडांवरून लादलेला बैल कोण चढवणार? म्हणजे घाटाचा खरा हंगाम कोरडा.

म्हणून यंदा आम्ही नऊ जण फाल्गुनात गेलो. वैशाखऱ्याच्या बाजूने सकाळी सातला चढायला लागलो. रान पानगळीने मोकळं झालेलं, मधेच लालभडक पळस आणि पांगारा. पाठीवर नुसता डबा आणि पाणी, तरी शेवटच्या चढावर सगळ्यांचं बोलणं बंद!

खिंडीच्या अलीकडे ती प्रसिद्ध गुहा. आत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख. साधारणपणे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानतात. केलेले यज्ञ आणि दिलेलं दान यांचा हा हिशेब आहे. अश्वमेध, राजसूय... कुठे ११,००० गायी आणि १,००० घोडे, कुठे २४,४०० कार्षापण. भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांपैकी हे अंक. यात शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत.

पुढे खिंड ओलांडून घाटमाथ्यावर आलं की मोठा दगडी रांजण दिसतो. यात जकातीची नाणी टाकत, अशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत. "म्हणजे पहिला टोलनाका!" आमच्यातला एक जण म्हणाला, आणि जेवताना यावरच वाद रंगला. मला त्यात एक गंमत दिसते. लेखाचा जो भाग आज वाचता येतो त्यात दक्षिणेचा हिशेब आहे, जकातीचा नाही. खर्च दगडावर कोरला. जमा मात्र लोकांनी रांजणाच्या गोष्टीतून लक्षात ठेवली.

आणि हा खर्च राणीने कोरवला कुठे? महालात नाही, भर वाटेवर. ज्यांच्या व्यापारावर राज्य पोसलं जात होतं, त्यांच्याच डोळ्यांसमोर. त्यातल्या किती जणांना वाचता येत असेल कोण जाणे, पण राजघराण्याच्या मूर्ती तरी दिसत असणारच. सिमुक, सातकर्णी, स्वतः नागनिका. आज त्या मूर्तींची वर नावं तेवढी उरलीत, आणि खाली पावलांच्या खुणा. मधलं सगळं काळाने नेलं.

ओझी वाहणाऱ्या हमालांची, बैल हाकणाऱ्यांची नावं मात्र वरही नाहीत आणि खालीही नाहीत. २४,४०० कार्षापणांपैकी त्यांच्या घामाचे किती, हे कोणी लिहून ठेवलं नाही. त्यांचा पुरावा एकच, पायाखालची वाट. पावसात ती धुक्यात आणि पाण्यात हरवते. फाल्गुनात तळापासून माथ्यापर्यंत लख्ख दिसते. नाणेघाट वाचायचा असेल, तर गुहेतल्या भिंतीइतकीच ही वाटही वाचायला हवी.