पॉलिहाऊस उभारताय? आधी पूर्वसंमती, पाणी आणि बाजार बघा

मुंबईच्या माझगावात एके काळी वर्षातून दोनदा फळणारे आंबे होते, असं जुन्या मुंबईच्या वर्णनांत आढळतं. बिनहंगामी मालाला भाव मिळतो, हे गणित तेव्हाही होतं. आज तेच गणित पॉलिहाऊस आणि शेडनेट साधतात. माझगावशेजारच्या भायखळ्यात भाजीची आणि दादरला फुलांची मोठी बाजारपेठ आहे. तळेगाव-मावळच्या पट्ट्यातला गुलाब तर 14 फेब्रुवारीच्या आधी परदेशातही जातो.

मात्र दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसचा खर्च दहा लाखांच्या घरात किंवा त्याच्याही पुढे जातो. त्यामुळे शेजाऱ्याने बांधलं म्हणून आपणही बांधू नये.

पॉलिहाऊसमध्ये जीआय पाईपच्या सांगाड्यावर 200 मायक्रॉनचा अतिनील किरणांना टिकणारा प्लास्टिक कागद असतो. तो पाऊस अडवतो. शेडनेट म्हणजे सावलीची जाळी, ती 35, 50 किंवा 75 टक्के सावलीची मिळते. ती ऊन कमी करते, पाऊस अडवत नाही. भाजीपाला किंवा रोपवाटिकेचा विचार असेल तर अनेकदा शेडनेटवरच भागतं. जरबेरा, कार्नेशन, डच गुलाब यांना पॉलिहाऊस लागतं.

जागा पाण्याचा निचरा होणारी असावी. वरची हवा खेळती ठेवणारी खिडकी वाऱ्याच्या उलट्या बाजूला ठेवतात. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून तिचं तोंड बहुधा पूर्वेला असतं. हे चुकलं की वादळात वारा आत शिरून कागद फुगतो आणि फाटतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात मावळ भागातल्या अनेक पॉलिहाऊसचं नुकसान झालं. त्याआधी मार्चपासून लॉकडाऊनमुळे ऐन लगीनसराईत फुलं फेकायची वेळ आलेलीच होती. पीकविम्यात सांगाडा येत नाही, त्याचा विमा वेगळा काढावा लागतो. कर्ज घेताना बँकेत हे आधी विचारा.

माती आणि पाण्याची तपासणी झाल्याशिवाय रोपं मागवू नका. जरबेऱ्याला सामू साधारण 5.5 ते 6.5 लागतो. क्षारयुक्त बोअरचं पाणी असेल तर पुढचा सगळा खर्च वाया जातो. लाल माती, कुजलेलं शेणखत आणि भाताचं तूस मिसळून उंच गादीवाफे करतात. लागवडीवेळी रोपाचा गड्डा मातीत पुरला जाऊ नये, नाहीतर कूज लागते. साधारण अडीच-तीन महिन्यांत फुलं सुरू होतात आणि झाडं दोन ते अडीच वर्षं चालतात. फूल कापायचं नाही, देठ हलकेच पिळून ओढायचा आणि लगेच पाण्यात ठेवायचा.

काकडी घ्यायची तर परागीभवनाशिवाय फळ धरणारी जातच घ्या, कारण कीटकरोधक जाळीमुळे आत मधमाश्या येत नाहीत. साधी जात लावली तर वेल वाढतो, पण फळ धरत नाही. रंगीत ढोबळी मिरचीला दोन फांद्या ठेवून दोरीने वर बांधत न्यावं लागतं. आतल्या उबदार हवेत फुलकिडे, पांढरी माशी, लाल कोळी झपाट्याने वाढतात. जमिनीत सूत्रकृमी शिरली की निघता निघत नाही.

अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा असतो. मापदंडानुसार 50 टक्के अनुदान मिळतं, पण क्षेत्राची मर्यादा आणि दर वेळोवेळी बदलतात. चालू वर्षाचे आकडे तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून घ्या. सातबारा, आठ-अ आणि आधारशी जोडलेलं बँक खातं तयार ठेवा. पूर्वसंमती मिळण्याआधी खड्डेसुद्धा खोदू नका, आधी काम केलं तर अनुदान अडकतं. पैसे काम झाल्यावर आणि मोका तपासणीनंतर खात्यात येतात, तोपर्यंतची रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. तळेगाव दाभाडे येथे संरक्षित शेतीचं प्रशिक्षण मिळतं, पाईप मागवण्याआधी ते करून घ्या.