तळोजा

तळोजा (तळोजे) : रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील जुने गाव, औद्योगिक वसाहत आणि आता सिडकोचे निवासी उपनगर. मुंब्रा-पनवेल रस्ता व दिवा-पनवेल लोहमार्ग यांच्या काठाने हा परिसर पसरला आहे. महसुली दप्तरात तळोजे पाचनंद आणि तळोजे मजकूर अशी दोन नावे आढळतात. 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा गाव तिच्या हद्दीत आले. बाहेरच्या माणसाला मात्र हे नाव एमआयडीसीमुळे किंवा मध्यवर्ती कारागृहामुळेच ठाऊक असते.

मुंबईचा सांताक्रूझ-अंधेरीकडचा जुना विमानतळ आणि पनवेल खाडीकाठचा नवा विमानतळ हे दोन्ही तळोजकरांचे. नव्याचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले व 25 डिसेंबरपासून प्रवासी विमाने सुरू झाली. तळोज्याहून तो सरळ रेषेत आठेक किमी आहे, पण प्रवेश पश्चिमेकडून, उलवे बाजूने असल्यामुळे रस्त्याने अंतर जवळजवळ दुप्पट होते. खारघर, बेलापूर, आम्रमार्ग असे वळण घ्यावे लागते आणि एरवी अर्धा-पाऊण तास जातो. जुना विमानतळ सरळ रेषेत सुमारे 24 किमी. वाटेत आधी पारसिक-खारघरची डोंगररांग, मग ठाण्याची खाडी. डोंगराला वळसा घालायचा आणि खाडी वाशी किंवा ऐरोलीच्या पुलावरून ओलांडायची, म्हणून रस्ता 35 ते 40 किमी भरतो. पहाटे तासाभरात उरकणाऱ्या या प्रवासाला संध्याकाळी दोन तासही पुरत नाहीत. वाशीचा पहिला पूल 1973 चा. त्याआधी मुंबईला जायचे तर ठाण्यावरून फिरून जावे लागे.

गंमत अशी, की दोन विमानतळांमधले हवाई अंतरही सुमारे 24 किमीच आहे. विमानाच्या वेगाने ती काही मिनिटांची गोष्ट, पण या दोहोंमध्ये विमान जात नाही. एका ठिकाणी उतरून दुसरीकडून उड्डाण धरणाऱ्या प्रवाशाला सामानासकट तीच खाडी, तोच पूल आणि तीच कोंडी. नकाशावरची पट्टी लावून वेळ काढणाऱ्याचे विमान चुकते.

लोहमार्ग गावातून गेला, तरी विमानतळ गाठायला त्याचा उपयोग कमी. तळोजे पाचनंद स्थानकावर दिवा-पनवेल गाड्या थांबतात, त्या लोकलसारख्या दर काही मिनिटांनी नाहीत. खरा फरक पडला तो 17 नोव्हेंबर 2023 पासून, बेलापूर ते पेंधर ही 11 किमीची मेट्रो धावू लागल्यावर. पेंधर हे तिचे तळोजा बाजूचे शेवटचे स्थानक. बेलापूरला हार्बर लोकल मिळते, कुर्ल्याला उतरून पुढे जुन्या विमानतळापर्यंत रिक्षा किंवा बस. धिमा, पण घड्याळ लावून करता येण्याजोगा प्रवास.

कासाडी नदी तळोज्याच्या कारखान्यांजवळून वाहत पनवेल खाडीला मिळते. ऑगस्ट 2017 मध्ये इथले भटके कुत्रे निळे झालेले दिसले. रंगद्रव्याच्या एका कारखान्याकडे बोट गेले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो बंद करायला लावला. नदीच्या पाण्याचा प्रश्न त्याआधीपासूनचा, मासेमारी करणाऱ्या कोळी-आगरी गावांना चांगला ठाऊक असलेला.

पुन्हा विमानतळाच्या वाटेकडे वळायचे, तर नियोजित मेट्रोमार्गांपैकी एक तळोजा एमआयडीसीहून खांदेश्वरला आणि दुसरा खांदेश्वरहून नव्या विमानतळाला जोडायचा आहे.