माउंटन बाइकच्या टायरमध्ये हवा किती भरावी? डांबर, मुरूम आणि माळरानासाठी सोपी पद्धत

नवीन एमटीबी घेतली की पहिला प्रश्न हाच असतो, हवा किती भरायची? पंक्चरवाला म्हणतो, 'टाईट भरून देतो.' टायरच्या कडेला मोठा आकडा छापलेला असतो, तो पाहून आपण तेवढीच भरतो. मग कालव्याच्या भरावावर मुरमात ब्रेक दाबला की चाक सरकतं आणि आपण खाली! चूक सायकलची नसते, जास्त हवेची असते.

टायरवरचा आकडा म्हणजे काय?

हवेचा दाब पीएसआयमध्ये मोजतात. काही पंपांवर 'बार' असतं. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. टायरवर 'मॅक्स' म्हणून छापलेला आकडा ही मर्यादा आहे, सल्ला नाही. किमान आकडाही दिलेला असेल, तर त्याच्या खाली जाऊ नका. योग्य दाब या दोन्हींच्या मध्ये असतो आणि तो तुमचं वजन, टायरची रुंदी आणि रस्ता यांवर ठरतो.

कमी-जास्त हवेने काय होतं?

- हवा जास्त: टायर खडीवर उड्या मारतो, हाताला झिणझिण्या येतात, चढावर मागचं चाक जागीच फिरतं. पकड जाते.
- हवा खूप कमी: दगडावर आपटल्यावर रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. याला 'स्नेक बाइट' म्हणतात. वळणावर टायर लडबडतो आणि डांबरावर सायकल जड लागते.

सुरुवात कुठून करायची?

ट्यूब असलेला, २.१ ते २.२५ इंची टायर धरला तर मातीच्या वाटेसाठी हा अंदाज घ्या:

- वजन ६० किलो: पुढे २६, मागे २९ पीएसआय
- वजन ७० किलो: पुढे २९, मागे ३२ पीएसआय
- वजन ८० किलो: पुढे ३२, मागे ३५ पीएसआय

मागच्या चाकावर जास्त भार येतो, म्हणून तिथे २-३ पीएसआय जास्त. टायरवरचा किमान आकडा यापेक्षा मोठा असेल, तर त्या आकड्यापासूनच सुरुवात करा. ट्यूबलेस टायर असेल तर चिमटायला ट्यूबच नसते, त्यामुळे ३-५ पीएसआय कमी चालतात.

आपला आकडा असा शोधा

१. एक छोटा, ओळखीचा पट्टा निवडा, ज्यात थोडा मुरूम, थोडे दगड आणि एक वळण असेल.
२. वरच्या अंदाजाने हवा भरून एक फेरी मारा.
३. प्रत्येक फेरीला २ पीएसआय कमी करा (किमान आकड्यापर्यंतच).
४. रिमला दगड लागल्याचा 'टक' आवाज आला किंवा टायर लडबडला, की थांबा आणि २ पीएसआय वाढवा. हाच तुमचा आकडा.
५. मोबाइलच्या नोट्समध्ये तारीख, रस्ता, पुढचा आणि मागचा दाब लिहून ठेवा.

आपल्या भागातले रस्ते

बारामतीहून भिगवणला डांबरी रस्त्याने जाऊन उजनीच्या पाण्याकडे मातीच्या वाटेने उतरायचं असेल, तर दाब मातीसाठी ठेवा. डांबरावर थोडा जोर जास्त लागेल, पण पडणार नाही. परतताना छोट्या पंपाने ५-६ पीएसआय वाढवता येतात.

इंदापूरच्या माळरानावर खरा शत्रू काटा आहे. वेडी बाभूळ आणि सराटा टायरमध्ये घुसणारच, हवा कमी असो वा जास्त. त्यावर उपाय म्हणजे सीलंट किंवा जाड ट्यूब. आणि पावसात काळ्या रानात कोणताही दाब कामाचा नाही. चिखल चाकाला चिकटून सायकल अडते, तिथे उतरून चाला.

उन्हाचंही गणित आहे. सकाळी २५ अंशाला ३० पीएसआय भरली आणि दुपारी टायर ४५ अंशांपर्यंत तापला, तर दाब साधारण ३ पीएसआयने वाढतो. म्हणून मर्यादेपर्यंत हवा भरून सायकल उन्हात लावू नका.

मोबाइलने हवा मोजता येते का?

नाही. काही फोनमध्ये बॅरोमीटर असतो, पण तो बाहेरच्या हवेचा दाब मोजतो, टायरच्या आतला नाही. त्यासाठी गेज असलेला पंप किंवा व्हॉल्व्हला बसणारा ब्लूटूथ सेन्सर लागतो. सिल्का आणि स्रॅम यांचे ऑनलाइन कॅल्क्युलेटर मात्र उपयोगी आहेत. वजन, टायरची रुंदी वगैरे टाकली की अंदाज मिळतो, पण शेवटचा निर्णय तुमच्या फेरीवरच घ्या.

लक्षात ठेवा

- नेहमी एकच गेज वापरा. दोन गेजचे आकडे क्वचितच जुळतात.
- दुकानातल्या कॉम्प्रेसरने थोडी-थोडी हवा भरा, सायकलची ट्यूब काही सेकंदांत भरते.
- आत रबरी नळी असलेल्या जुन्या व्हॉल्व्हवर गेज नीट आकडा दाखवत नाही.
- ट्यूबमधली हवा आपोआप कमी होते, म्हणून आठवड्यातून एकदा आणि लांब जाण्याआधी नक्की तपासा.