पद्यें, पिस्तुलें आणि जॅक्सनचा खून

देवळाली कॅम्प व भगूर हीं स्थळें एकमेकांस लागून आहेत. एकीकडे इंग्रजांनीं वसविलेली लष्करी छावणी, दुसरीकडे सावरकर बंधूंचें जन्मगांव. छापील शब्दापासून रक्तपात कसा होतो, या वादांत 1909 च्या नाशिक प्रकरणाचा दाखला वारंवार दिला जातो. तो बहुधा घाईनें दिला जातो असें आम्हांस वाटतें.

प्रकरण येणेंप्रमाणें. गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांनीं 'लघु अभिनव भारत माला' या नांवानें पद्यें प्रसिद्ध केलीं. वरकरणीं त्यांत देवादिकांचीं व शिवाजीमहाराजांचीं नांवें. सरकारनें त्यांत युद्धाची चिथावणी वाचिली. जून 1909 मध्यें बाबारावांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मराठी जाणणारे न्यायमूर्ति चंदावरकर यांनींही नोव्हेंबरांत अपील फेटाळिलें. 21 डिसेंबर रोजीं नाशकांत विजयानंद नाटकगृहीं, 'शारदा' नाटकाच्या प्रसंगीं, अनंत लक्ष्मण कान्हेरे यानें कलेक्टर जॅक्सन यास गोळ्या घातल्या. जॅक्सन संस्कृतज्ञ होता. त्यानें जमविलेलीं लोकसाहित्याचीं टिपणें पुढें एंथोवेननें संपादिलीं. संशोधकांस ही हानि विसरतां येत नाहीं.

कोणी म्हणतात पद्यांपासून खून झाला, कोणी म्हणतात शिक्षेचा सूड म्हणून. आमच्या मतें दोन्ही वंशावळींत एक पिढी गळाली आहे. लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलें चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरतळांतून मार्च 1909 मध्येंच मुंबईस आलीं, हें 1918 च्या रौलट समितीच्या अहवालांत नमूद आहे. म्हणजे शिक्षेपूर्वीं तीन महिने! पद्यांनीं मनें तापविलीं असतील, शिक्षेनें माणूस नेमून दिला असेल. परंतु गुप्त मंडळी व तिचें हत्यार आधींच सिद्ध होतें.

हा दाखला आजच्या प्रसंगांस जसाच्या तसा लावूं नये. धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें 1 जुलै 2018 रोजीं, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरून पसरलेल्या अफवेपायीं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच जण जमावानें ठार मारिले. तेथें गुप्त मंडळी नव्हती, पिस्तूलही नव्हतें. मधली पिढीच नाहीशी झाली, आणि मजकुरास ना कर्ता, ना छापखाना.

मालेची मूळ प्रत कोणाच्या संग्रहीं असल्यास मुखपृष्ठ, छापखाना व मिति यांची नक्कल मंडळाकडे पाठवावी.