ओल राखणारे आच्छादन : जळिताच्या पट्टीचा इतिहास

भाजलेल्या जखमेवर काय ठेवावे, या प्रश्नाला वैद्यकाने शतकानुशतके परस्परविरोधी उत्तरे दिली असून त्या सर्वांच्या मुळाशी एकच वाद आहे : जखम सुकवावी की ओली राखावी. शरीरातले पाणी आत राखणे हे त्वचेचे एक मुख्य काम असल्यामुळे ती जळाली की त्या जागेतून लस सतत पाझरते, वेदना वाहून नेणारे मज्जातंतू उघडे पडतात आणि जंतूंना वाट मिळते. असा पाझर पाहणाऱ्याला तो थांबवून जखम कोरडी करावीशी वाटणे स्वाभाविक होते. हायड्रोजेलची, म्हणजे बहुतांशी पाण्याच्याच बनलेल्या मऊ व पारदर्शक पापुद्र्याची, पट्टी जळिताच्या उपचारात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. तिला इतका उशीर का झाला याचे उत्तर रसायनशास्त्राच्या अपुरेपणात जितके आहे, तितकेच या स्वाभाविक समजुतीतही आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायात जळिताचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार सांगितले आहेत. ज्यात केवळ त्वचेचा रंग पालटतो तो प्लुष्ट, फोड येऊन तीव्र आग होते तो दुर्दग्ध आणि मांस लोंबू लागते तो अतिदग्ध, अशी ही मांडणी दाहाच्या खोलीवर आधारलेली असल्याने आजच्या वर्गीकरणाच्या बरीच जवळ जाते. अतिदग्धात लोंबणारे मांस काढून, थंड उपचार करून, तुपात कालवलेली औषधे लावावीत आणि जखम गुळवेलीच्या किंवा पाण्यात उगवणाऱ्या वनस्पतींच्या पानांनी झाकावी, असा तेथे आदेश आहे. तूप आणि ताजे पान ही दोन्ही द्रव्ये जखमेला न चिकटणारी आणि तिची ओल टिकवणारी आहेत. त्यामागची उपपत्ती दोषांच्या भाषेतली असली, तरी निवड अनुभवातून आलेली दिसते.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंतुसिद्धान्त रुजला आणि ओलावा म्हणजे जंतूंचे घर हे समीकरण पक्के झाले. कापसाची आणि जाळीदार कापडाची पट्टी सर्वत्र रूढ झाली. ती लस शोषून घेई, परंतु वाळताना जखमेतच रुते आणि बदलताना नव्याने धरलेली कोवळी त्वचा सोबत उपटून आणी. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये पॅराफिनसारख्या स्निग्ध द्रव्यात भिजवलेल्या जाळीची पट्टी पुढे आली ती हा त्रास टाळण्यासाठीच. सुकवण्याच्या मताने टोक गाठले ते १९२५ साली, जेव्हा अमेरिकेतील डेट्रॉइट येथील शल्यचिकित्सक एडवर्ड डेव्हिडसन यांनी कातडी कमावण्यासाठी वापरले जाणारे टॅनिक आम्ल भाजलेल्या जागेवर लावून तिथे कडक कवच तयार करण्याची पद्धत मांडली. ती झपाट्याने पसरली. दुसऱ्या महायुद्धात मात्र इंग्लंडमधील ईस्ट ग्रिन्स्टेड येथे होरपळलेल्या वैमानिकांवर उपचार करणाऱ्या आर्चिबाल्ड मॅकिंडो यांना या कवचाखाली बोटे आखडत असल्याचे दिसले, आणि समुद्रात कोसळलेल्या वैमानिकांच्या जखमा इतरांपेक्षा चांगल्या अवस्थेत असल्याचेही लक्षात आले. तेव्हा त्यांनी टॅनिक आम्ल सोडून मिठाच्या पाण्याची स्नाने सुरू केली.

सिद्धान्ताच्या पातळीवर हा वाद फिरवला तो १९६२ साली. लंडनमधील संशोधक जॉर्ज विंटर यांनी पाळीव डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर साधा पॉलिथिनचा पापुद्रा पसरला. झाकलेल्या जखमा सुमारे दुप्पट वेगाने भरून आल्याचे त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले. नवी त्वचा तयार करणाऱ्या पेशी जखमेच्या कडेने आणि केसांच्या मुळांपासून सरकत येतात. खपली धरलेली असेल तर त्यांना तिच्याखालून, अधिक खोल थरातून, वाट काढावी लागते. ओल असेल तर त्या पृष्ठभागावरून सहज पसरतात. निसर्गाची पट्टी म्हणून आजवर गौरवलेली खपली ही प्रत्यक्षात अडसर ठरते, हे स्वीकारायला शल्यगृहांना पुढची कित्येक वर्षे लागली, आणि दवाखान्याबाहेर तर ते अजूनही पुरते स्वीकारले गेलेले नाही.

याच सुमारास दुसऱ्याच दिशेने जेलचे द्रव्य सिद्ध होत होते. प्रागमधील ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव्ह लिम यांनी १९६० साली शरीरात वापरता येतील अशा जलस्नेही जेलांवरचा निबंध प्रसिद्ध केला. बहुवारिकाच्या, म्हणजे एकाच घटकाची पुनरावृत्ती होऊन बनलेल्या लांब रेणूंच्या, साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधल्या की पाण्यात न विरघळता पाणी धरून ठेवणारे जाळे तयार होते, हे त्यामागचे तत्त्व. विख्टर्ले यांचे लक्ष डोळ्याकडे होते. मुलांच्या यांत्रिक खेळण्याचे भाग जोडून त्यांनी १९६१च्या नाताळात घरीच मऊ स्पर्शभिंगे ओतली, आणि जेलची कीर्ती प्रथम त्या भिंगांमुळे झाली.

जखमेच्या पट्टीसाठी निर्णायक ठरलेली एक रीत १९८०च्या दशकात पोलंडमधील वूत्श येथे यानुश रोशाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. जलविद्राव्य बहुवारिक, अगर आणि पाणी यांचे मिश्रण साच्यात ओतून, हवाबंद करून त्यावर किरणांचा मारा केला जातो. किरणांमुळे पाण्याचे रेणू फुटून जे क्रियाशील तुकडे तयार होतात, ते साखळ्यांना एकमेकींशी बांधतात आणि त्याच वेळी पाकिटातले जंतूही मरतात. जोडणीसाठी वेगळे रसायन लागत नसल्याने त्याचा अंश जखमेत जाण्याची भीती उरत नाही. एकाच क्रियेत वस्तू घडते आणि निर्जंतुकही होते, ही या पद्धतीची खरी देखणी बाजू आहे.

ही वाट भारतात मुंबईत रुजली, याला कारण होते. तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राशी संलग्न असलेला ‘आयसोमेड’ हा प्रकल्प १९७४पासून कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करीत होता. या केंद्राने पुढे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलवर आधारित हायड्रोजेल पट्टी विकसित करून तिचे तंत्रज्ञान खासगी उत्पादकांना दिले. जेलमधले पाणी जळजळ शमवते, पारदर्शकतेमुळे पट्टी न उचलता जखम पाहता येते, आणि ती काढताना रुग्ण कळवळत नाही.

मात्र त्याच शहरातल्या शल्यचिकित्सकांनी हाच हेतू भाजीबाजारातल्या वस्तूंनी साधला, हा या इतिहासातला अधिक लक्षणीय भाग होय. परळच्या वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी आणि सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर चिकटवून जळितावर वापरल्या व त्याचा प्राथमिक अहवाल १९८५ साली प्रसिद्ध केला. शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान कापडी पट्टीवर चिकटवून, ऑटोक्लेव्ह यंत्रातल्या दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून वापरले आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष मांडले : पान सालीइतकेच गुणकारी, करायला सोपे आणि कितीतरी पटींनी स्वस्त ठरले, तर व्हॅसलीनच्या जाळीपेक्षा ते काढताना वेदना कमी झाल्या. पानाचा मेणचट पृष्ठभाग जखमेला धरत नाही, आणि एकच पान मोठे क्षेत्र झाकते. जळिताचे रुग्ण बहुतेक गरीब घरांतले, त्यांत स्वयंपाकघरात भाजलेल्या स्त्रियांची संख्या मोठी, आणि पट्टी वारंवार बदलावी लागणारी. अशा ठिकाणी पट्टीची किंमत हीच तिच्या वैद्यकीय गुणांइतकी निर्णायक असते, हे या दोन रुग्णालयांनी प्रयोगशाळांपेक्षा स्पष्टपणे ओळखले होते.

जेल असो वा पान, दोहोंचा उपयोग त्वचेचा काही थर शाबूत असलेल्या जळितापुरता आहे. फार मोठ्या क्षेत्रावर ओले जेल ठेवल्यास शरीराचे तापमान घसरण्याचा धोका असतो, आणि पूर्ण जाडीची त्वचा जळाली असेल तर तिथे नवी त्वचा उगवण्यासाठी पेशीच उरलेल्या नसतात. त्या रुग्णांसाठी शीवच्या त्याच रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर काही तासांत घेतलेली दात्याची त्वचा तिथे ग्लिसरॉलमध्ये साठवली जाते आणि ती लावताना रक्तगट जुळवावा लागत नाही. काही आठवड्यांनी रुग्णाचे शरीर ती नाकारते, तोवर त्याच्या स्वतःच्या त्वचेचे रोपण करण्याइतकी सवड मिळालेली असते.